निरोप शाळेच्या वेळेत

सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार या वेळेत आमच्या बालगृहातून माणसं नाहीशी होत. हे भुताखेतांच्या गोष्टीतलं वाक्य वाटेल, म्हणून आधीच सांगते, भुताचा काही संबंध नाही. तो नियम होता. बालगृहात राहायला आलेला पाहुणा, मग तो दोन आठवड्यांसाठी आलेला परदेशी स्वयंसेवक असो की दोन वर्षं राहिलेली नर्स, परत जाताना मुलं शाळेत असतानाच जाईल. मुलांना आधी सांगायचं नाही. गळाभेट नाही, रडारड नाही. मुलं साडेचारला येतील, हातपाय धुतील, चिवडा-मुरमुरे खातील आणि मग कोणीतरी विचारेल, "ताई, सारादीदी कोठी गेली वो?" त्यावर मी म्हणायचं, "तिच्या गावाला गेली. तुम्हाला खूप पापे दिलेत तिनं."

पापे कोणी दिलेले नसत. ते मी पदरचे देत असे.

सहा वर्षं मी हे काम केलं. नेमणूक दुभाषी म्हणून होती.

देवळीहून पुलगावला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला ते बालगृह होतं. गावात त्याला गोऱ्याचा बंगला म्हणत. बंगला कसला, टिनाच्या छपराच्या आठ खोल्या, मधे अंगण, मागे स्वयंपाकघर. कागदोपत्री संस्था इथल्याच लोकांची होती. पण चालवत होतं एक परदेशी मिशनरी कुटुंब. डॅनियल, त्याची बायको रूथ आणि त्यांची तीन मुलं. सगळ्यात मोठी हॅना. माझ्या आधी वर्षभर ते आले होते, तेव्हा हॅना चार वर्षांची होती. ती इतकी आमची झाली होती की मी प्रमाण मराठीत काही बोलले की म्हणायची, "ताई, तू काऊन टीव्हीवानी बोलून राह्यली?"

मला ठाऊक आहे, एवढं वाचून दोन प्रकारची माणसं सरसावून बसली असतील. एक म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, धर्म बदलायला आलेले लोक. दुसरी म्हणतील, बघा, आपण करत नाही ती सेवा हे सातासमुद्रापलीकडून येऊन करतात. दोघांनीही जरा टेकून बसावं. तुमच्या दोघांच्याही पत्रकांचा माझा अभ्यास आहे. माझ्या वडिलांचा पुलगावला छोटा छापखाना. लग्नपत्रिकांवर पोट आणि पत्रकांवर जीव. गिरणी कामगारांची, हमालांची, अंगणवाडीताईंची, कोणाकोणाची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. "बंधू आणि भगिनींनो" हे मी अडखळत वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे राग कसा लिहायचा ते मला लहानपणापासून येतं. राग कोणावर करायचा, ते मात्र त्या बालगृहात शिकावं लागलं, कारण तिथली माणसं चांगली होती.

हो, चांगली होती. डॅनियल पहाटे पाचला उठून मोटरपंपाशी झटापट करायचा. तो पंप रोज बिघडे आणि तो रोज दुरुस्त करी. मिस्त्रीला बोलावू म्हटलं की त्याला अपमान वाटे. रूथ स्वतःच्या हातानं मुलांच्या खरजेला मलम लावायची. दर शनिवारी अंगणात ओळीनं बसवून मुलींच्या डोक्यातल्या उवा काढायची, आणि त्या ओळीत तिची हॅनाही बसलेली असे. स्वतःच्या तिघांना ती दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या खोलीत शिकवी, बाकीची चौतीस मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जात. जेवण एकाच पातेल्यातलं. तेव्हा ज्यांना यात ढोंग शोधायचं असेल त्यांनी दुसरीकडे शोधावं.

पण नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाला रूथ पहिल्याच दिवशी जवळ घ्यायची आणि एक वाक्य बोलायची. मी ते मराठीत सांगायची. "आजपासून मी तुझी मम्मी." किती वेळा सांगितलं असेल मी ते! तेव्हा माझ्या जिभेला काटा टोचला नाही. आज टोचतो. मम्मी म्हणवून घेणं ही पाहुण्यानं करायची गोष्ट नाही. ज्याच्या पासपोर्टवर परतीची तारीख आहे, त्यानं स्वतःला काका म्हणवून घ्यावं, मावशी म्हणवून घ्यावं, मास्तर म्हणवून घ्यावं. आई नाही.

दुभाष्याचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. खरं म्हणजे ते गाळणीचं काम आहे. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं, आपला चेहरा कोरा ठेवायचा आणि दोन्हीकडचा चोथा आपल्याकडे ठेवून घ्यायचा. एकदा रूथ वस्तीतल्या बायांना पाणी उकळून प्यायचं शिकवत होती. दिवस कापूस वेचणीचे. बाया पाठीला कळा लागलेल्या, उन्हानं तापलेल्या. एक म्हणाली, "हिले म्हणा, एवढं पाणी उकळाले जळतन कोण आणते? हिचा नवरा आणते का?" सगळ्या खदाखदा हसल्या. रूथ उत्सुकतेनं माझ्याकडे वळली. मी सांगितलं, "त्या म्हणतात, छान माहिती मिळाली." रूथनं वहीत टिपून घेतलं. पुढच्या वस्तीत तेच भाषण, तेच हसू, तेच माझं उत्तर.

किंवा लोकरी टोप्या. कुठल्याशा गावातल्या म्हाताऱ्या बायांनी आमच्या मुलांसाठी प्रेमानं विणून पाठवल्या, त्या पोचल्या मे महिन्यात. वर्ध्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. फोटोपुरत्या त्या मुलांच्या डोक्यावर चढल्या. डॅनियलनं मला विचारलं, "मुलांना आवडल्या का?" घामानं निथळणारा एक पोरगा म्हणत होता, "ताई, जीव चालला माह्या." मी म्हटलं, "फार आवडल्या." पुढे त्या टोप्यांनी स्वयंपाकीणबाई गरम पातेली उतरवायच्या, आणि त्या कामाला त्या खरंच फार चांगल्या होत्या.

हे हसण्यासारखं आहे. मीही हसत असे. पण सहा वर्षं खोटं बोलायची सवय अशीच हसत हसत लागते.

शाळेच्या वेळेत निरोपाचा नियमही वाईट मनातून आला नव्हता. पहिल्या वर्षी एक स्वयंसेविका परत निघाली तेव्हा मुलं तिच्या गाडीमागे डांबरी रस्त्यापर्यंत धावली आणि एका मुलीला मोटारसायकलची धडक बसली. पाय मोडला. त्यानंतर डॅनियलनं ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. त्यातून फाटक बंद ठेवायची कल्पना कोणाला सुचली नाही. रडणं बंद करायची सुचली.

आणि मुलं काय शिकली? मुलं मूर्ख नसतात. जाणारा माणूस ओळखायची खूण त्यांनी शोधून काढली. जाणारा माणूस शेवटच्या दोन दिवसांत खूप फोटो काढतो. फोटो वाढले की समजायचं. आमच्याकडे प्रणाली नावाची मुलगी होती. मोबाइल वर झाला की ती फ्रॉकचा घेर उचलून तोंडावर घ्यायची. एकदा मी रागावले, "दीदी एवढ्या प्रेमानं काढतेय, तोंड दाखव ना." फ्रॉकच्या आतून उत्तर आलं, "फोटू काढून राह्यली म्हणजे चालली ते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. शाळेत नाई जात म्हणाली. ओव्याचं पाणी पाजून मी तिला हाताला धरून शाळेत सोडलं. ती परत आली तेव्हा दीदीचा पलंग रिकामा होता. त्यानंतर फोटो वाढले की प्रणालीचं पोट दुखे. आणि प्रत्येक वेळी तिला शाळेत सोडायला मीच जाई.

प्रणाली चार वर्षांची असताना आमच्याकडे आली. आई वारली, बाप कुठेतरी निघून गेला. तिला घेऊन आली होती तिची मावशी, कांता. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. अंगावर, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. म्हणाली, "मॅडम, हंगामात आमी जिनिंगातच राह्यतो, तठी लेकरू ठेवू देत नाई. मले खोली भेटली की नेतो तिले. तवरक पाहा." मी ते रूथला सांगितलं. रूथ म्हणाली, "सगळेच असं म्हणतात." हे मी कांताला सांगितलं नाही. बालकल्याण समितीपुढे जो कागद गेला त्यात लिहिलं होतं की नातेवाइकाला कायम घर नाही. खरंच होतं ते. "खोली मिळाली की नेईन" हे वाक्य कागदावर आलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. तो कागद मी भरला होता.

महिन्यातून एका रविवारी नातेवाइकांना भेटता येई. कांता एकही रविवार चुकली नाही. भेट संपवायची आमची एक रीत होती. चार वाजता मागच्या बाजूला खाऊची घंटा व्हायची. मुलं तिकडे पळत, आणि तेवढ्यात नातेवाइकांनी पुढच्या फाटकातून निघायचं. म्हणजे शाळेची वेळ नसली तर तीही आम्ही तयार करत होतो. पहिल्याच रविवारी कांता फाटकाशी अडून उभी राहिली.

"मी चोर हाय का वो ताई, असं मांगच्या मांग जाले? पोरीले सांगून जातो नं."

"मावशी, ती रडेल. तिला त्रास होतो."

"रडन नं. माय मेली तिची. रडू बी देत नाई का तुमी?"

रूथ विचारू लागली, काय म्हणतेय? मी म्हटलं, "तिला समजलंय. ती निघतेय." आणि कांताच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर काढलं. फाटकाची कडी मी लावली. मागून प्रणाली हातात केळं घेऊन आली, रिकाम्या अंगणात इकडे तिकडे पाहिलं आणि काही न विचारता केळं खायला लागली. पाच वर्षं, दर महिन्याला हे झालं. सख्खी मावशीसुद्धा न सांगता जाणाऱ्या माणसांपैकीच एक आहे, हे आम्ही त्या मुलीला शिकवलं. "माय मरो पण मावशी उरो" म्हणणारी आपली भाषा. उरलेली मावशी मी दर महिन्याला फाटकाबाहेर घालवत होते.

त्या काळात वडील एकदाच बोलले. छापखान्यात शाई पुसत म्हणाले, "गोऱ्याचं तोंड होऊन राह्यली तू. तोंड व्हाले काई हरकत नाई. पण तोंडाले जीभ असते." मी चिडून आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं बोलणं चूक असतं तर मी ते दोन दिवसांत विसरले असते.

मग संक्रांतीच्या आधी डॅनियल आणि रूथनं मला ओसरीवर बोलावलं. चहा दिला. डॅनियल म्हणाला, आम्हाला दुसरीकडे बोलावणं आलं आहे. आफ्रिकेतल्या एका गावात, तिथेही मुलं आहेत, तिथे गरज जास्त आहे. देवाची हाक आहे. देवाची हाक आणि व्हिसाची मुदत एकाच महिन्यात कशी येते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी एवढंच विचारलं, "मुलांना कधी सांगायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॅनियल म्हणाला, "नियम तोच राहील."

बंधू आणि भगिनींनो, त्या वेळी मी काय म्हणाले असेन? मी, पत्रकांवर वाढलेली, अन्यायाविरुद्ध मुठी आवळून मोठी झालेली? मी म्हटलं, "बरं." चहा संपवला आणि कपबशा विसळून ठेवल्या.

तीन आठवडे मी ते पोटात ठेवलं. रूथ रोज फोटो काढत होती. मुलं झोपेतून उठताना, जेवताना, वेण्या घालताना. प्रणालीचं पोट त्या तीन आठवड्यांत जवळजवळ रोज दुखलं. ती आता नऊ वर्षांची होती. रूथ स्वतः तिला ओव्याचं पाणी द्यायची, पोटावर हात फिरवायची आणि शाळेत पाठवायची. त्या हाताला हे दुखणं कशाचं आहे ते कळत होतं. म्हणूनच मला तो हात माफ करता येत नाही.

जायचा दिवस गुरुवार होता. सकाळी प्रणाली पलंगावरून उठेना. रूथनं कपाळाला हात लावला, म्हणाली, "ताप नाही. जा बाळ." प्रणाली गेली. फाटकाशी वळून तिनं मागे पाहिलं, तेव्हा रूथ आत गेलेली होती.

अकराच्या सुमारास खोल्यांतून बॅगा बाहेर आल्या. हॅना सगळ्यात मोठ्या बॅगेवर बसली होती. अकरा वर्षांची मुलगी, पाय हलवत नव्हती, रडत नव्हती.

"ताई, प्रणालीले सांगतलं का तू?"

"नाही."

"मी सांगतो म्हटलं तं मम्मी म्हणे, तोंड बंद ठेव. मले बी कोणी इचारलं नाई, मले जाचं हाय का नाई."

"जायचं आहे का तुला?"

"नाई जाचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू बी घाबरते का वो आमच्या मम्मीले?"

मी स्कूटी काढली. मला शूर वगैरे कोणी म्हणू नये. अकरा वर्षांच्या पोरीसमोर मान खाली घालून उभं राहणं सहन झालं नाही, एवढंच. शाळा दीड किलोमीटरवर. मुख्याध्यापक गुरुजी व्हरांड्यात रजिस्टर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "आमची सगळी मुलं सोडा, आत्ता." ते म्हणाले, "अर्ज?" चौतीस मुलांच्या सुट्टीला अर्ज पाहिजे. मी त्यांच्याच टेबलावर कागद ओढला. कारणाच्या ओळीशी हात थांबला. मग लिहिलं, "आईवडील गाव सोडून जात आहेत." गुरुजींनी वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "पोरायले माहीत हाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतः उठून घंटा दिली.

मुलांना मी तिथेच, शाळेच्या मैदानावर, सरळ सांगितलं. मम्मी-पप्पा कायमचे जात आहेत, गाडी आली आहे. चौतीस मुलं रस्ता सोडून तुरीच्या वावरांमधून धावली. दप्तरं शाळेतच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा डिकी बंद होत होती. मला वाटलं होतं, मुलं ओरडतील, गाडीला लटकतील. ती फाटकात येऊन थांबली आणि प्रार्थनेला उभी राहतात तशी ओळीत उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. रूथनं माझ्याकडे पाहिलं, आणि तसं कोणी माझ्याकडे पुन्हा पाहू नये. तिच्या भाषेत म्हणाली, "तू हे काय केलंस?"

प्रणाली ओळीतून पुढे आली. "मम्मी, कोठी चालली?"

रूथला तेवढं मराठी येत होतं. ती म्हणाली, "बाजार."

अकरा बॅगा गाडीच्या टपावर बांधलेल्या. मुलांनी बॅगांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. सात वर्षं उवा काढणारी, मलम लावणारी, देवाला भिणारी बाई. तिच्या तोंडून खोटं आलं ते इतकं लहान, इतकं साधं, की मलाच लाज वाटली.

"मले काऊन नाई सांगतलं?" प्रणालीनं विचारलं.

रूथ मला म्हणाली, "तिला सांग, देवाचं तिच्यावर प्रेम आहे. सांग, आम्ही रोज तिच्यासाठी प्रार्थना करू."

मी म्हटलं, "तिनं ते विचारलेलं नाही. तिनं विचारलंय, का नाही सांगितलं."

डॅनियल घड्याळ पाहत होता. नागपूरहून विमान होतं. रूथनं हळूच काहीतरी सांगितलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा गाळणी बाजूला ठेवून शब्दाला शब्द मराठी केलं. "ती म्हणते, तुमच्या तोंडाकडे पाह्यलं असतं तर माझा पाय निघाला नसता."

प्रणालीनं विचार केला. "मंग पाहाचं होतं," ती म्हणाली.

हेही मी जसंच्या तसं रूथला सांगितलं. ती पायरीवर बसली.

मग एक पाऊण तास गेला. रूथ प्रत्येक मुलाला जवळ घेऊन त्याच्या नावानं बोलली, रडली. डॅनियलसुद्धा मुलांमध्ये गुडघे टेकून बसला. हॅना आणि प्रणाली पंपाच्या खोलीमागे गेल्या होत्या, त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. त्या सात वर्षांत त्या घरात बोललं गेलेलं सगळ्यात खरं बोलणं त्या पाऊण तासात झालं असेल. गाडीत बसताना डॅनियल मला म्हणाला, "आमचा विश्वास होता तुझ्यावर." मी म्हटलं, "यांचा होता तुमच्यावर." गाडी निघाली. फाटक मी बंद केलं, कडी लावली. मुलं गजांना धरून ओरडत राहिली. कोणाचा पाय मोडला नाही.

मुलं शहाण्यासारखी सावरली असं सांगून हे गोड करणार नाही. आठवडाभर जेवणं गेली नाहीत. मोठी मुलं अंथरूण ओलं करू लागली. सांगितल्यानं दुःख कमी झालं नाही. पण प्रणालीचं पोट दुखणं थांबलं. ती जोरजोरात रडायची, भांडायची, माझ्या अंगावर चपला फेकायची. पोटात मात्र दुखलं नाही.

पावसाळ्यापर्यंत बालगृह बंद पडलं. मुलं वेगवेगळ्या संस्थांत, वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेली. तीन भाऊ होते, तिघे तीन ठिकाणी. त्या सात वर्षांत फाटकावर येऊन "धर्म वाचवा"च्या घोषणा देणारे दोनदा आले होते, फोटो काढून गेले होते. आता चौतीस मुलं उघड्यावर पडली तेव्हा मी त्यांच्या पत्रकावरचा फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "पाहू, बैठकीत विषय घेतो." अजून बैठक चालू असावी. आणि सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी? त्यांनी फेसबुकवर रूथच्या आठवणी लिहिल्या. त्यात मुलांचे फोटो होते. फार सुंदर फोटो. रूथनंच काढलेले.

पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. माझी एकच आहे, ती मधेच लिहून टाकते, कारण शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. लेकरांच्या आयुष्यातून जायचं असेल तर त्यांना जागेपणी, तोंडावर सांगून जा. देशी असा, परदेशी असा, कोणत्याही देवाचे असा.

बालगृह बंद पडायच्या आधीच कांताला निरोप पाठवला तो मी. ती दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून आली. फाटक उघडं होतं, तरी बाहेरच थांबली. "आता येऊ देता का आत?" म्हणाली. हिंगणघाटला तिनं दीड वर्षापूर्वीच खोली घेतली होती. दोनदा ऑफिसात येऊन सांगूनही गेली होती, आणि दोन्ही वेळा मी रूथच्या सांगण्यावरून "मुलगी इथं रमली आहे" म्हणून तिला परत पाठवलं होतं. आता समितीपुढे अर्ज करायचा होता. मी रात्र घालवून नव्हे, चांगला दिवसाढवळ्या तीन पानी अर्ज लिहिला. त्यात शोषण होतं, व्यवस्था होती, मातृत्वाची विटंबना होती. वडिलांनी वाचला आणि म्हणाले, "घोषणा काढ. पत्ता टाक." उरलं अर्धं पान. मावशी कोण, राहते कुठे, किती वर्षं दर महिन्याला भेटायला आली, आणि दोनदा परत कोणी पाठवली. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात मी माझं नाव लिहिलं. समितीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "हे तुम्हीच का?" "हो." "बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या तारखेला प्रणाली कांताकडे गेली.

आता मी देवळीला एका सेवा केंद्रात बसते, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. ज्याला रकाना नाही ते सगळ्यात खाली "इतर माहिती"मध्ये लिहिते. गेल्या महिन्यात हिंगणघाटला काम निघालं तेव्हा कांताकडे गेले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. प्रणाली उंच झाली होती. माझ्याशी फार बोलली नाही. वह्या दाखव म्हटलं तर दाखवल्या. कांतानं चहा टाकला आणि तिला बिस्किटं आणायला दुकानात पाठवलं.

माझी बस होती. चहा संपला, घड्याळ पाहिलं आणि मी पर्स उचलून उभी राहिले.

"निघते मावशी. ती यायच्या आतच जाते, उगाच रडेल."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते आपोआप आलं, झोपेत कूस बदलावी तसं. कांता चुलीपाशी बसली होती. ती उठली आणि दारात येऊन उंबरठ्यावर बसली, पाय आडवे टाकून.

"बस खाली."

"बस जाईल माझी."

"जाऊ दे. दुसरी हाय, तिसरी हाय. मी पहाटपाळीले जातो तं झोपीतून उठोतो तिले, का बाई मी चालली, संध्याकाळी येतो. रोज उठोतो. चिडते, उठते, हो म्हणते, मंग झोपते. अन् तू शिकली-सवरली बाई मांगच्या मांग पळून राह्यली? बस म्हटलं नं."

मी बसले. पर्स मांडीवर. एवढी मोठी मी, आणि दहा वर्षांच्या पोरीसमोर "जाते" म्हणायची भीती वाटत होती.

प्रणाली आली, पुडा कांताला दिला. मी म्हटलं, "प्रणाली, मी आता जाते. बस आहे माझी."

"पुन्हा कधी येशीन?"

"पाहू, जमलं की..."

"पाहू नको म्हणू," कांता दारातून म्हणाली. "येत असशीन तं येतो म्हण. नसशीन तं नाई म्हण."

मी डोक्यात दिवस मोजले. दिवाळीत केंद्रात गर्दी असते. "दिवाळीत नाही येणार," मी म्हटलं. तिचा चेहरा हलला नाही. "तुळशीच्या लग्नाला येते."

प्रणाली भिंतीपाशी गेली. कॅलेंडरची पानं उलटून तिनं तुळशीचं लग्न शोधलं. दप्तरातून पेन आणलं. त्या दिवसाला जाड गोल केला, दोनदा गिरवला. मग माझ्याकडे वळून, पेन तसंच हातात धरून विचारलं,

"किती वाजताच्या बसनं?"

"नऊच्या," मी म्हटलं.

तिनं तेही लिहून घेतलं.